निरोगी बाई

"नाव, गाव, पेन्शन, मुलं आणि आजार!" प्रमिलाताई गुळवणींनी बसच्या माइकवर फुंकर मारून सांगितलं. "आणि आजार खरे सांगायचे हं. आपल्या वयात लग्न माणसाशी होतं आणि संसार त्याच्या आजारांशी. नंतर 'आम्हाला कुणी सांगितलं नाही' म्हणत माझ्या दारात यायचं नाही. चला, पहिल्या सीटपासून."

अख्खी बस हसली. सांगलीहून सकाळी गणपतीपुळ्याला निघालेली ती बस अजून माझ्या डोळ्यांसमोर जशीच्या तशी आहे. खिडक्यांना निळे पडदे, प्रत्येकाच्या मांडीवर भडंगाची पिशवी, कुणाच्या तरी थर्मासातून सांडलेल्या चहाचा वास. प्रमिलाताई 'सोबत' नावाचं मंडळ चालवायच्या. साठीच्या अलीकडे-पलीकडे एकटी पडलेली माणसं, म्हणजे आम्हीच, वर्षातून एकदा सहलीला जायची. ओळखी व्हाव्यात, जमलं तर कुणाचं कुणाशी जमावं, असा सरळ हिशेब. माझं नाव तिथं घातलं होतं माझ्या सुनेनं, केतकीनं. "आई, नवरा शोधा असं म्हणत नाही मी," ती म्हणाली होती. "पण भांडायला कुणीतरी बघा. माझ्याशी तुम्ही भांडत नाही, मला फार अवघडल्यासारखं होतं."

एकेक जण उठून माइक हातात घेत होता. पोराचे दहावीचे मार्क सांगावेत अशा थाटात लोक आजार सांगत होते. "साखर, बी.पी. आणि दोन स्टेंट!" असं एका रिटायर्ड तलाठ्यानं सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. एका हेडक्लार्कनी मूळव्याधीचा सबंध इतिहास सांगितला, ऑपरेशनसकट. प्रोस्टेट झालं, मोतीबिंदू झाले, एका बाईंनी तर कवळी काढून दाखवली. लाज कुणालाच नव्हती आणि मला त्या सगळ्यांचा हेवा वाटत होता.

माइक माझ्याकडे आला.

"हेमलता सांभारे. सांगलीचीच. कन्याशाळेत शिवण शिकवत होते. एक मुलगा, सून, नात."

"आणि आजार?"

"गुडघे," मी म्हटलं.

"अहो, गुडघे हा आजार नाही, तो अवयव आहे!" प्रमिलाताई ओरडल्या. "लिहून घ्या रे सगळ्यांनी, हेमाताई ठणठणीत!"

माझ्या मागच्या सीटवरचे गृहस्थ उठले. त्यांनी माइक हातानंच बाजूला केला. "नगं त्ये. आपल्याला लागत न्हाई."

खरंच लागत नव्हता. "भालचंद्र शेटे. मूळचा तासगावचा. एस्टीत वाहतूक नियंत्रक हुतो." उभा जन्म स्टँडवर गाड्या पुकारण्यात गेलेला माणूस. कितीही हळू बोलायला गेले तरी मिरज, जयसिंगपूर, इचलकरंजीपर्यंत ऐकू जाईल असा आवाज. गोल चेहरा, पांढऱ्या मिशा, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. "आजार कायबी न्हाई. आमची मंडळी आठ वर्सं आजारी हुती. डायलिसिस. सगळं माज्या हातानं केलं, शेवटपातूर केलं, मन लावून केलं. पर आता पुन्हा न्हाई हुनार. दवाखान्याचा वास आला तरी पोटात कालवतंय. तवा आपली अट एकच. रंग, रूप, जात, पैका, कायबी असूंदे. बाई निरोगी पायजे."

मग शेट्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, "ह्या गुडघेवाल्या ताईंच्या शेजारी जागा हाय का?"

झालं. टाळ्या, शिट्ट्या, हशा. म्हातारी माणसं एकदा पोरांसारखी वागायला लागली की पोरं बरी. शेटे माझ्या शेजारी येऊन बसले. मला खिडकी दिली. पडदा सरकवून दिला. मी मांडीवरची भडंगाची पिशवी घट्ट धरून बसले.

आता सांगूनच टाकते. मला जो आजार होता त्याला डॉक्टर हर्पिस म्हणतात. आणि तो जिथं होता ती जागा बसच्या माइकवर सांगण्यातली नव्हती. माझा पराग शाळेत होता तेव्हा पहिल्यांदा उठलं. बारीक फोड, आग, ताप, लघवीला जायची भीती वाटावी इतक्या वेदना. आमचे हे बियाणांच्या कंपनीत होते, फिरतीची नोकरी. महिन्यातले पंधरा दिवस बेळगाव, हुबळी, विजापूर. मी ह्यांना सांगितलं तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "उष्णता झालीय तुझ्या अंगात. सब्जाचं पाणी पी."

मी सब्जा प्यायले. गुलकंद खाल्ला, धने-जिऱ्याचं पाणी प्यायले. दर दोन-चार महिन्यांनी ते उठायचं आणि मी सब्जा भिजत घालायचे. शेवटी न राहवून एकटीच मिरजेला एका डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी तपासलं, हात धुतले, खुर्ची जवळ ओढून बसल्या आणि मला सगळं नीट समजावून सांगितलं. "ह्यानं जीव जात नाही आणि हे स्वतःही जात नाही," त्या म्हणाल्या. "अंगात झोपून राहतं, मधूनच उठतं. उठलेलं असताना जवळ जायचं नाही. एरवीही थोडा धोका असतोच, पण रोजच्या गोळ्यांनी तो कमी होतो. मिस्टरांना पाठवून द्या."

मी ह्यांना म्हटलं, डॉक्टरांनी बोलावलंय. ह्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. त्या बघण्यात मला सगळं कळलं. हे गेले नाहीत, मी पुन्हा म्हटलं नाही. त्यानंतर आमचे पलंग वेगळे झाले आणि घरात सब्जा येणं बंद झालं. पुढं काही वर्षांनी हार्टअटॅकनं गेले. माणूस लोकांत फार मोठा होता हो. मंडळाच्या वर्गण्या, गरिबांच्या पोरांची फी. पराग आजही म्हणतो, बाबा देवमाणूस. हॉलमध्ये फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. तो रोज मीच पुसायची.

तर माझ्या शेजारी निरोगी बाई शोधणारा माणूस बसला होता आणि त्याला ती सापडल्याचा आनंद झाला होता.

आणि मला तो माणूस आवडला होता. काय खोटं बोलायचं? मलकापूर येईपर्यंत आवडला होता. गाण्याच्या भेंड्यांत त्यांना एक गाणं धड येत नव्हतं. "ळ" आला की मात्र "ळ नसतंय ओ सुरवातीला, खेळ बंद!" म्हणून पंचाप्रमाणे ओरडायचे. जेवणाच्या थांब्याला त्यांनी आपल्या डब्यातली शेंगाचटणी माझ्या पानात वाढली. म्हणाले, "सूनबाईनं केल्याली हाय. तिकट लागली तर सांगा. आपली तक्रार ऐकून घ्यायला आमच्या घरी तीच एकटी उरलीया." आमच्या ह्यांच्याबरोबर बाहेर जेवताना मी कायम त्यांचं होईपर्यंत थांबून मागं काय उरतंय ते बघायची. शेटे मात्र "तुमी आधी घ्या" म्हणून डबा माझ्याकडं सरकवून थांबले. एवढ्याशा गोष्टीनं माणूस विरघळतं का? विरघळतं. त्या वयात तर फारच लवकर.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीतल्या यमुताई आरशासमोर उभ्या राहून किंचाळल्या. "अगंबाई! माझ्या ओठावर कोळी मुतलाय!"

ओठाच्या कडेला फोडांचा झुबका आला होता. यमुताई तशाच नाश्त्याला गेल्या आणि आल्यागेल्याला ओठ दाखवत सुटल्या. एकीनं सांगितलं तूप लावा, एकानं सांगितलं सायीत हळद कालवून लावा, तलाठी म्हणाले ताप निघून गेला त्याची खूण आहे, उलट चांगलं. शेटे दुरूनच गरजले, "वैनी, लोनी लावा लोनी! दोन दिसांत गायब!"

यमुताई खूश होत्या. दिवसभराचं कौतुक झालं.

मी उपम्याकडं बघत बसले. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं मला ठाऊक होतं, की ओठावरचं ते आणि माझं हे एकाच घरातलं. सख्ख्या बहिणीच म्हणा. एकीला गावजेवणात पाट आणि दुसरी गावकुसाबाहेर हाकललेली. मला हसू आलं आणि मग रागही आला. त्याच क्षणी मी ठरवलं, ह्या माणसाला आजच्या आज सांगायचं. उद्या परतीचा प्रवास. घरी जाऊन त्यांनी सूनबाईला सांगण्याआधी, प्रमिलाताईंनी पेढे मागण्याआधी. फसवून घरात शिरणं मला जमलं नसतं. ते एकदा माझ्याच बाबतीत झालं होतं.

पण सांगायचं कुठं? हा माणूस कुजबुजायला कधी शिकलाच नव्हता. जेवताना मी हळूच म्हटलं, मला तुमच्याशी जरा बोलायचंय. तर म्हणाले, "बोला की ओ ताई! काय बोलायचंय?" आणि अख्खी पंगत भात कालवायची थांबली. मी म्हटलं, "काही नाही, मीठ द्या." हॉटेलच्या व्हरांड्यात माणसं, बागेत माणसं, किनाऱ्यावर तर उंट आणि घोडे घेऊन मागं लागणारी माणसं. "हर्पिस" एवढा शब्द त्यांनी एकदा नुसता परत उच्चारला असता तरी रत्नागिरीपर्यंत गेला असता.

मग मला प्रदक्षिणा सुचली.

गणपतीपुळ्याला देवळाला प्रदक्षिणा घालत नाहीत, सबंध डोंगराला घालतात. डोंगर हाच देव. चांगला मोठा वळसा आहे. देवळासमोर गर्दी असते, पण वाट मागच्या बाजूला गेली की झाडी आणि शांतता. आणि दुसरी गोष्ट, जिच्यामुळं मी तेच ठिकाण धरलं. प्रदक्षिणा अर्धी सोडून मागं फिरायचं नसतं. मागच्या वाटेवर मी सांगितलं, तर निदान देवाच्या दारापर्यंत तरी त्यांना माझ्याबरोबर चालावं लागेल. ऐकताक्षणी पाठ फिरवलेली मला बघायची नव्हती.

"परदक्षिना? चला की!" शेटे म्हणाले. "गुडघं दुकतील न्हवं तुमचं?"

उन्हं कलली होती. पुढच्या बाजूला समुद्र लखलखत होता, शेटे चपला काढून नेमानं चालत होते. मंत्र येत नव्हते म्हणून नुसतं "मोरया, मोरया" चाललं होतं. वाट मागच्या बाजूला वळली. पुढचे लोक पुढं गेले, मागचे अजून आले नव्हते.

"शेटे, माझे गुडघे चांगले आहेत."

"बरं हाय की मग."

"गुडघ्यांचं मी खोटं सांगितलं. मला दुसरा आजार आहे."

ते थांबले नाहीत, पण मोरया बंद झालं. "साकर?"

"नाही. हर्पिस म्हणतात त्याला."

"म्हंजे ती नागीन? कमरंला उठती ती? आमच्या आत्त्याला झाल्ती."

"नागीण वेगळी. नागीण असती तर मी माइकवर सांगितली असती." मी चालता चालता पायाखालच्या चिऱ्यांकडं बघत होते. "यमुताईंच्या ओठावर आलंय ना, तशातलंच. पण माझं ओठावर नाही. बाईनं कुणाला दाखवू नये अशा जागी आहे. नवराबायकोत होतं ते. एकाकडून दुसऱ्याला जातं."

शेटे आता थांबले. मीही थांबले.

"मग तुमास्नी..." एवढंच म्हणाले.

"माझ्या आयुष्यात आमच्या ह्यांच्याशिवाय दुसरं कुणी आलं नाही," मी म्हटलं.

हे वाक्य मी आजवर कुणाला बोलले नव्हते. आईला नाही, बहिणीला नाही, डॉक्टरीणबाईंनाही नाही. मी ते बोलले आणि घरातला तो फोटो कुणीतरी पालथा घातल्यासारखं वाटलं. मग ह्यांची बियाणांच्या कंपनीतली फिरती, मिरजेच्या डॉक्टरीणबाई, बाकीचं सगळं भराभर सांगून टाकलं. "ते बरं होत नाही. गोळ्यांनी दबतं, कधीमधी उठतं. आपण एकत्र राहिलो तर तुम्हालाही होऊ शकतं. काळजी घेतली तर बहुतेक होत नाही, पण होणारच नाही असं कुणी लिहून देणार नाही. तुमची अट मला ठाऊक आहे. म्हणूनच सांगितलं."

शेट्यांचा चेहरा लाल झाला होता. मिशा थरथरत होत्या. ते एकदम गर्रकन मागं वळले, आलो त्या वाटेकडं. दोन पावलं टाकली. मग थबकले.

"परदक्षिना आर्दी सोडत न्हाईत," असं स्वतःशीच म्हणाले, पुन्हा वळले आणि माझ्या पुढून चालायला लागले.

उरलेली वाट आम्ही एकामागं एक चाललो. त्यांनी मोरया म्हटलं नाही. देवळापाशी आल्यावर त्यांनी हात जोडले, चपला पायांत सरकवल्या आणि माझ्याकडं न बघता ताडताड समुद्राकडं निघून गेले. मी तीर्थ घेतलं.

खोलीवर येऊन मी पिशवी भरायला घेतली. यमुताई ओठाला लोणी चोपडून खिडकीत उभ्या होत्या. "अहो हेमाताई, ते तुमचे शेटे ना? तिकडं पार लांब, खडकापाशी? समुद्राशी भांडतायत की काय!"

मी बघितलं. गर्दीपासून खूप दूर, पाण्याच्या कडेला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला एक माणूस लाटांकडं तोंड करून हातवारे करत होता. एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताची मूठ. आवाज येत नव्हता, वारा उलटा होता.

"व्यायाम करत असतील," मी म्हटलं आणि साड्यांच्या घड्या घालत राहिले. माझ्या नावानं खडे फोडत असेल बिचारा, नशिबाला बोल लावत असेल. लावू दे. माझा राग नव्हता त्यांच्यावर. पण वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. दीड दिवस कुणीतरी माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवत होतं. एवढ्याचीही मला सवय लागली होती.

सकाळी बसमध्ये शेटे ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले. मान वळवून मागं बघितलं नाही. साऱ्या बसला दिसलं. जाताना शिट्ट्या मारणारी माणसं आता माझ्याकडं न बघण्याची काळजी घेत होती. प्रमिलाताईंनी माइक हातात घेतला, माझ्याकडं बघितलं आणि तसाच हुकाला लावून ठेवला. भेंड्या झाल्या, पण "ळ" आला तरी कुणी ओरडलं नाही. मी खिडकीच्या काचेला डोकं टेकून झोपल्याचं सोंग केलं आणि साखरप्यापासून आंबा घाट चढेपर्यंत पदरात रडले.

घाट चढून आल्यावर चहाला बस थांबली. सगळे टपरीकडं गेले. मी दरीच्या बाजूच्या कठड्यावर जाऊन बसले. थोड्या वेळानं शेटे दोन कप घेऊन आले. एक माझ्या हातात दिला आणि शेजारी बसले.

"रागावलायसा?" त्यांनी विचारलं. आवाज चिरका, घोगरा, ओळखू न येणारा. मी दचकून बघितलं.

"मी कशाला रागावू? तुमची अट तुम्ही सगळ्यांसमोर सांगितली होती."

"अट गेली खड्ड्यात. घसा बसलाय माजा. सकाळपास्नं शब्द फुटत न्हवता. तुमच्या शेजारी बसून मुक्यावानी ऱ्हायलो असतो तर तुमास्नी भलतंच वाटलं असतं. म्हनून फुडं बसलो."

"तरीही भलतंच वाटलं," मी म्हटलं.

"ते बी खरं." त्यांनी चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "काल मी समिंद्राकडं कशाला गेल्तो, ठावं हाय?"

"नशिबाला बोल लावायला."

"न्हाई ओ. तुमच्या मिस्टरांस्नी शिव्या घालाय गेल्तो."

मी कठड्यावर त्यांच्याकडं वळून बसले.

"गेल्याल्या मानसाला वंगाळ बोलू नये म्हंत्यात," ते म्हणाले. "देवाच्या वाटंवर तर न्हाईच न्हाई. पर माजं टाळकं असं फिरलं हुतं, म्हटलं तिथंच तोंड सुटतंय आता. दम धरला. परदक्षिना पुरी केली आन गेलो लांब. तासभर घातल्या. एस्टी स्टँडावर शिकलो हुतो तेवढ्या समद्या घातल्या. सुरवातीला 'मुडदा बशिवला तुजा' म्हनाय गेलो, मंग ध्यानात आलं, त्यो तर आधीच बसलाय."

मला हसू फुटलं. कपातला चहा साडीवर सांडला. हसता हसताच ते हसणं कुठंतरी वळलं आणि मी रडायला लागले.

शेट्यांनी खिशातला रुमाल काढून दिला. माझं रडणं थांबायची वाट बघितली. मग तशाच बसलेल्या आवाजात विचारलं, "दुकतं का ओ? उठतं तवा?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. ह्यांनी सब्जा सांगितला होता. डॉक्टरीणबाईंनी किती वेळा उठतं, किती दिवस राहतं ते विचारलं होतं, तो त्यांच्या कामाचा भाग. दुखतं का, हे नाही. मी नुसती मान हलवली. हो, दुखतं.

"हं," शेटे म्हणाले. त्यांनी कप कठड्यावर ठेवला. "खोटं बोलत न्हाई. मला भ्या वाटतंय. काल वाटलं, आजबी वाटतंय. दवाखान्याची पायरी पुन्हा चढनार न्हाई म्हटलं हुतं. पर त्या मिरजंच्या बाईंकडं आपुन दोगं जाऊया. मला त्यांच्या तोंडनं ऐकायचंय. मंग बघू. चालंल?"

चाललं. आम्ही गेलो. डॉक्टरीणबाई आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांनी शेट्यांना समोर बसवून सगळं सांगितलं आणि शेट्यांनी असल्या दमदार आवाजात एकेक प्रश्न विचारला की बाहेरच्या बाकावरचे सगळे पेशंट शहाणे होऊन घरी गेले असतील. त्यानंतर आमच्या वाट्याला पुष्कळ वर्षं आली. चांगली आली. भांडणंही भरपूर झाली, केतकीचा जीव भांड्यात पडला. आमच्यातल्या जवळिकीचं म्हणाल, तर ती आमच्या वयाला शोभेल तेवढी होती आणि कधी कधी शोभणार नाही तेवढीही होती. मी गोळ्या चुकवायची नाही आणि उठलेलं असलं की सरळ सांगायची. ते म्हणायचे, "बरं, मंग आज पत्ते." त्यांना शेवटपर्यंत काही झालं नाही. शेटे गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. घर इतकं शांत असतं की शेजाऱ्यांनाही चुकल्यासारखं वाटतं. कधी संध्याकाळी मी रेडिओ मोठ्यानं लावून ठेवते.

पण हे सगळं पुढचं. मला आठवतो तो घाटातला कठडा. बसचा हॉर्न वाजला, प्रमिलाताई दारात उभ्या राहून माणसं मोजायला लागल्या. आम्ही उठलो.

"तुमी घातल्या का कवा?" शेट्यांनी विचारलं.

"काय?"

"शिव्या. तुमच्या मिस्टरांस्नी."

"मी? नवऱ्याला?" मला खरंच धक्का बसला. "काहीतरीच काय! गेलेत ते. रोज फोटो पुसते मी त्यांचा."

"मंग कुनी घालायच्या? मी तर परका मानूस. मला त्यांचं नावबी ठावं न्हाई, नुसतंच 'एऽ बियानंवाल्या' म्हनून घालीत हुतो."

दरीतून गार वारा वर येत होता. सब्जाच्या त्या वाट्या आठवल्या, एकामागून एक भिजवलेल्या. पेपरातून वर न आलेलं डोकं आठवलं. कन्याशाळेत मुलींना शिवण शिकवताना खुर्चीवर बसता येत नव्हतं, उभ्यानं तास घेतले होते, ते आठवलं.

"हलकट," मी म्हटलं.

"ह्ये तर शाळंतलं झालं," शेटे म्हणाले.

मी आजूबाजूला बघितलं. पदर खोचला. आणि माहेरी आमच्या अंगणात भांडी घासायला येणारी गोदाबाई जी शिवी नवऱ्याला रोज द्यायची आणि जी ऐकून आई आमचे कान झाकायची, ती मी दरीकडं तोंड करून दिली. एकदा दिली. मग आणखी मोठ्यानं दिली. तिसऱ्यांदा दिली तेव्हा टपरीवाल्यानं गाळणं हातात धरून वर बघितलं, बसच्या खिडक्यांतले निळे पडदे भराभर सरकले आणि यमुताईंचं लोणी लावलेलं तोंड बाहेर आलं.

"अहो हेमाताई!" प्रमिलाताई बसच्या दारातून ओरडल्या. "अहो, कुणाला शिव्या देताय?"

"आमच्या ह्यांना!" मी म्हटलं.